फिल एल्व्हरम : सुरेल चाल आणि गोंगाट

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ॲनाकॉर्टिस या बंदराच्या गावी १९७८ साली जन्मलेले फिल एल्व्हरम गाणी लिहितात, गातात आणि बहुतेक वेळा ध्वनिमुद्रितही स्वतःच करतात. ‘द मायक्रोफोन्स’ या नावामागे मुख्यतः ते एकटेच असत.

त्यांची शैली समजून घ्यायला २००१ साली ‘के रेकॉर्ड्स’ या कंपनीने काढलेला ‘द ग्लो पार्ट टू’ हा अल्बम सर्वांत चांगला. ऑलिम्पिया शहरातल्या डब नार्कोटिक स्टुडिओत तो चुंबकीय फितीवर मुद्रित झाला. पहिल्याच गाण्यात गिटारचे स्वर डाव्या-उजव्या कानांत आळीपाळीने वाजतात, गळा शेजारी बसून गुणगुणल्यासारखा; मग ड्रम चढत जातात. फितीवर पेलवेल त्याहून मोठा आवाज भरला की तो फाटतो, खरखरतो. एरवी टाळला जाणारा हा दोष एल्व्हरम मुद्दाम वापरतात. मधूनच धुक्यात जहाजांना इशारा देणारा भोंगा ऐकू येतो. लोकगीताच्या वळणाची साधी चाल या कल्लोळात बुडते, म्हणूनच पुन्हा वर आली की विलक्षण कोवळी वाटते.

पुढे त्यांनी ‘माउंट ईरी’ हे नाव घेतलं. पत्नी, चित्रकार जनव्हिएव्ह कास्त्रे २०१६ साली कर्करोगाने गेल्या. त्यानंतरचा ‘अ क्रो लुक्ड ॲट मी’ हा अल्बम कास्त्रे यांच्याच खोलीत, बव्हंशी त्यांच्याच वाद्यांवर मुद्रित झाला. त्यात गोंगाट जवळपास नाहीच. तो परतला २०२४ च्या ‘नाइट पॅलेस’मध्ये.