समुद्रकांठची बिनपैशाची सुटी

वार्षिक परीक्षा संपून उन्हाळ्याची सुटी लागली, कीं घरोघरीं मुलें एकच प्रश्न विचारूं लागतात : 'यंदा आपण कोठें जायचें ?' ज्या घरीं चार पैसे शिल्लक असतात, त्या घरीं ह्या प्रश्नाचें उत्तर सोपें असतें. परंतु आमच्या भिवंडीसारख्या गांवांत यंत्रमागांची खडखड रात्रंदिवस चालते आणि पुष्कळ कुटुंबांचें पोट त्या खडखडीवरच भरतें. तेथें हा प्रश्न ऐकून एखादा बाप मुकाट्यानें मान खालीं घालतो. मी पस्तीस वर्षें शाळामास्तर होतों. जून महिन्यांत शाळा उघडली म्हणजे 'मीं सुटी कशी घालविली' हा निबंध लिहून घेण्याची जुनी चाल आहे. त्या निबंधांतून महाबळेश्वराचीं आणि माथेरानचीं वर्णनें येत. आणि त्यांपैकीं कांहीं मुलें गांवाची वेसही ओलांडून गेलीं नव्हतीं, हें वाचतांवाचतांच ध्यानांत येई. मूल असें लिहितें तें लबाडीनें नव्हे, लाजेनें. ती लाज निष्कारण आहे, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

आपण कोंकणांत राहतों. बोर्डी-डहाणूपासून वेंगुर्ल्याच्याही पलीकडे सातशें किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा आपल्या महाराष्ट्राला लाभला आहे. भिवंडी रोड स्टेशनावरून दिवा-वसई मार्गाची गाडी पकडली कीं वसई गांठतां येते. सकाळीं भाकरी, कांदा आणि पाण्याचा तांब्या बरोबर घेऊन निघावें व दिवेलागणीपर्यंत घरीं परत यावें. गाडीभाडें सोडलें तर ह्या सहलीला खर्च नाहीं. समुद्र पाहण्यास तिकीट लागत नाहीं, आणि त्याच्याइतका विद्वान् शिक्षक दुसरा नाहीं.

मुलांनीं समुद्रापासून घ्यावयाचा पहिला धडा भरती-ओहोटीचा. आपल्या किनाऱ्यावरील कोळी व खारवी मंडळींचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाउणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ सुमारानें निघते. आज चतुर्थी असेल तर चाराची पाउणपट तीन. म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाउणपट सव्वाअकरा. हल्लींच्या घड्याळांत ह्यापेक्षां अर्धापाऊण तास उशीर होतो, तेवढा जमेस धरावा. तेथून सहा तासांनीं ओहोटी. मुलांच्या हातीं दिनदर्शिका द्यावी, त्यांच्याकडून हा हिशेब करवून घ्यावा आणि मग किनाऱ्यावर जाऊन तो पडताळून पाहावयास सांगावें. पाउणकीच्या पाढ्याचा एवढा रसाळ उपयोग मला तरी दुसरा ठाऊक नाहीं. हा हिशेब कां जमतो, हेंही त्यांना सांगावें. चंद्र रोज सुमारें पाऊण तासानें उशिरा उगवतो. आणि पाणी मुख्यतः चंद्राच्या ओढीनें चढत असल्यामुळें भरतीही रोज तितकीच मागें सरते. पौर्णिमा-अमावास्येस सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेंत येते, म्हणून उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास ती परस्परांस छेद देते, म्हणून भांगाची भरती लहान असते.

ह्याच हिशेबावरून सहलीचा दिवसही ठरवितां येतो. अष्टमीला ओहोटी भर दुपारीं येते. वैशाखाच्या उन्हांत तेव्हां वाळूवर पाय ठेववत नाहीं. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेंमागें मात्र ओहोटी सकाळीं आणि संध्याकाळीं सहाच्या सुमारास असते, पाणी फार दूरवर हटतें, आणि सावलीची वेळही साधते.

पाणी हटलें म्हणजे वाळूवर एक नवीनच पुस्तक उघडतें. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पडलेली दिसेल. ती कोणी काढली, हें मुलांना आधीं सांगूं नये. त्यांना दहा मिनिटें निश्चल बसावयास सांगावें. मग बिळांतून इवलासा खेकडा बाहेर येईल, वाळू तोंडांत घेईल, तिच्यांतील खाण्याजोगा अंश वेंचून घेईल आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकील. जें मूल वर्गांत दहा मिनिटें स्वस्थ बसत नाहीं, तें येथें श्वास रोखून बसतें. शंख-शिंपल्यांचाही खेळ असाच करावा. प्रत्येकानें दहा निरनिराळे रिकामे शिंपले आणावे, त्यांची आकारावरून व रंगावरून वर्गवारी लावावी आणि प्रत्येकाला आपण होऊन नांव द्यावें. जिवंत प्राणी असलेला शंख मात्र जेथला तेथेंच ठेवावा. एखाद्या शिंपल्याला वाटोळें, बारीक छिद्र असतें. तें शिकारी गोगलगाईनें पाडलेलें असतें. आंतील प्राणी तिनें खाल्लेला असतो. हें ऐकल्यावर मुलें त्या शिंपल्याकडे निराळ्याच डोळ्यांनीं पाहतात.

खाडीच्या कांठीं तिवराचीं झाडें असतात. त्यांच्या भोंवतीं चिखलांतून बोटांसारखीं मुळें वर आलेलीं दिसतात. चिखलांत हवा नसते, म्हणून झाड ह्या मुळांनीं श्वास घेतें. तिवराच्या पानाच्या मागील बाजूस मिठाची बारीक भुकटी जमते. बोटानें पुसून ती जिभेला लावून पाहावी. खाऱ्या पाण्यांत राहणारें झाड मीठ कसें बाहेर टाकतें, हा धडा मग जन्मभर विसरत नाहीं. घरीं परततांना बाटलीभर समुद्राचें पाणी आणावें आणि ताटलींत ओतून उन्हांत ठेवावें. एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. दोनतीन दिवसांत ताटलींत पांढरे कण चमकूं लागतील. वसई-भाईंदरकडील मिठागरें रुळांवरून पाहिलीं असतील, तर त्यांचा अर्थ आतां मुलांना आपोआप उलगडेल.

कोळीवाड्याजवळून जातांना बांबूंच्या मांडवांवर वाळत घातलेले बोंबील दिसतात. त्यांच्या जोड्या जबड्यांत जबडा अडकवून टांगलेल्या असतात. ते कसे अडकविले आहेत, हें अदबीनें विचारावें. कोळीण बहुधा आनंदानें दाखविते. विनामूल्य शिक्षण घ्यावयाचें तर शिकविणाऱ्याचा मान राखणें, ही त्याची गुरुदक्षिणा होय.

इतिहासाची आवड असणाऱ्यांना वसईचा किल्ला पुरेसा आहे. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली आणि मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें ती घेतली. म्हणजे दोनशें पांच वर्षांचा तो अंमल. पडक्या चर्चांच्या उंच भिंती, जमिनीकडील व समुद्राकडील दरवाजे, हें सर्व मुलांनीं पायांनीं मोजावें आणि घरीं येऊन त्याचा नकाशा काढावा. दिवाळींत अंगणामध्यें किल्ला करणारीं आपलीं मुलें मग वाळूचा किल्ला करतांनाही 'दिंडी दरवाजा कोठें, बुरूज कोठें' असा वाद घालूं लागतात. जवळच नालासोपाऱ्यास जुना बौद्ध स्तूप आहे. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो खणून काढला. ह्याच सोपाऱ्यांत अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सांपडले आहेत. आज लोकलगाड्यांच्या गर्दीसाठीं प्रसिद्ध असलेलें हें गांव एके काळीं शूर्पारक नांवाचें मोठें बंदर होतें, हें त्या मातीवर उभें राहून सांगितलें म्हणजे खरें वाटतें.

एखाद्या आप्ताकडे किनाऱ्यालगत रात्रीचा मुक्काम घडला, तर आकाश पाहावें. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून सुमारें एकोणीस अंश वर असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारें दहा अंश झांकते. म्हणून उत्तरेकडे दोन मुठी मोजाव्या, तेथें ध्रुव. मे महिन्यांत रात्रीं नऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजावर, ढग नसल्यास, त्रिशंकूचे चार तारेही दिसतात. दिल्लीच्या मुलांना ते जवळजवळ दिसतच नाहींत; आपल्या मुलांना ते फुकट दिसतात.

आतां एक कठोर गोष्ट. दरवर्षीं आपल्या किनाऱ्यावर तरुण मुलें बुडून मरतात, आणि वर्तमानपत्रांत त्यांचीं नांवें वाचून मन खिन्न होतें. बिनपैशाची सहल म्हणजे बेफिकीर सहल नव्हे. जून ते सप्टेंबर मुलांना पाण्यांत उतरूं देऊं नये. इतर वेळींही लहान मुलानें गुडघ्यापेक्षां खोल जाऊं नये, आणि एका वडील माणसानें केवळ पाण्याकडे लक्ष ठेवून बसावें. हातांत दुसरें कांहीं नसावें. लाटांच्या ओळींत मध्येंच जेथें पाणी सपाट व शांत दिसतें, तेथें बहुधा आंत ओढणारा प्रवाह असतो. त्यांत सांपडल्यास किनाऱ्याकडे झगडत येऊं नये. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूस व्हावें, मग बाहेर यावें. दुसरा कोणी बुडत असतां पोहतां न येणाऱ्यानें उडी घेऊं नये. दोर, पंचा, रिकामा डबा फेंकावा, हाका माराव्या आणि ११२ ह्या क्रमांकावर फोन करावा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यासारख्या ठिकाणीं ओहोटींत पायीं जातां येतें. पण परतण्याची वेळ आधीं ठरवूनच पाऊल टाकावें. भरती कोणासाठीं थांबत नाहीं. मघांचा पाउणकीचा हिशेब गमतीपुरता व शिक्षणापुरता आहे. जिवाचा प्रश्न असेल तेथें छापील वेळापत्रक पाहावें आणि स्थानिक कोळ्यांस विचारावें.

श्रोतेहो, ह्या सर्वांत पैशापेक्षां दुर्मिळ अशी एकच वस्तु लागते, ती म्हणजे आईबापांचा एक सबंध दिवस. मागावर बारा तास उभें राहणाऱ्या माणसाकडे तो मागणें म्हणजे मोठेंच मागणें आहे, हें मी जाणतों. परंतु महिन्यांतून एक दिवस, तोही नसला तर सुटींतून एक दिवस, त्यानें मुलाचा हात धरून ओल्या वाळूवरून चालावें. जूनमध्यें शाळा उघडल्यावर त्या मुलाला निबंधासाठीं महाबळेश्वर उसनें घ्यावें लागणार नाहीं. 'मीं खेकड्याला वाळूच्या गोळ्या करतांना पाहिलें' हें त्याचें पहिलें वाक्य असेल, आणि तें खरें असेल.