उमेदवारीवाचून डॉक्टरेट

मानसशास्त्र घेऊन एम.ए. झालेली आपल्या सांगली-मिरजेकडील मुले समुपदेशनात डॉक्टरेट करण्याविषयी सल्ला विचारावयास येतात, तेव्हा नावामागे ‘डॉक्टर’ केव्हा लागेल हा प्रश्न सर्वांच्या ओठांवर असतो. उमेदवारी कोणाच्या हाताखाली करावयाची, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. मला बोलावयाचे आहे ते या दुसऱ्या प्रश्नाविषयी.

डॉक्टरेटच्या वाटा दोन: पीएच.डी. ही संशोधनाची पदवी, साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) ही व्यवसायाची. अमेरिकेत 1949 साली बोल्डरच्या परिषदेने मानसोपचार करणारा हा शास्त्रज्ञही असावा असे ठरविले. परंतु त्या आग्रहात माणसापाशी बसण्याचे शिक्षण मागे पडते, या जाणिवेतून 1968 साली इलिनॉय विद्यापीठाने साय.डी. ही व्यावसायिक डॉक्टरेट सुरू केली, व 1973 च्या व्हेल परिषदेने तिला पाठबळ दिले.

मिरजेच्या सतारमेकरांपाशी तंबोऱ्याची जवारी काढणे चालते, ते आठवा. घोडीचा माथा किंचित घासावा, तार छेडावी, ऐकावे, पुन्हा घासावे. आणि एक हात अधिक पडला की नाद बसलाच. नादशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा विद्वान वंदनीय खरा, पण जवारी साधते ती, शेजारी बसलेला उस्ताद नेमक्या क्षणी ‘थांब’ म्हणतो म्हणून. 2019 च्या महापुरात ज्याचा संसार कृष्णेने नेला, असा गृहस्थ समोर येऊन निःशब्द बसला असता, बोलावे की थांबावे, हे प्रबंध शिकवीत नाही. आपले काम ऐकून, तपासून, प्रसंगी कान धरणारा ज्येष्ठच ते शिकवितो. पुन्हा सांगतो, उमेदवारी हाच या पदवीचा गाभा आहे, बाकी सारे कवच.

आपल्याकडे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी 1992 च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, आणि 2021 च्या कायद्याने समुपदेशकांनाही आरोग्य-व्यवसायांच्या सूचीत स्थान दिले. तेव्हा आपल्या पदवीची दखल कोणत्या दफ्तरी होणार, याचीही चौकशी अगत्याची.

म्हणून पालकांनो, माहितीपत्रक हाती येताच प्रत्यक्ष कामाचे तास किती, ते कोठे भरावयाचे आणि देखरेख कोण करणार, हे संस्थेकडून लेखी मागा. आणि उत्तर मोघम आले, तर फी भरू नका.