एक कविता, दोन चाली

नाताळच्या गाण्यांपैकी माझं सर्वांत आवडतं गाणं 'इन द ब्लीक मिडविंटर'. पण तेवढं सांगून भागत नाही. कुणाच्या चालीतलं, तेही सांगावं लागतं.

कविता क्रिस्टिना रोझेटी यांची. १८७२ साली ती एका अमेरिकन मासिकात छापून आली. येशूचा जन्म बेथलेहेममधला, थंडी मात्र अस्सल इंग्लंडची. शेवटच्या कडव्यात बोलणारी व्यक्ती गरीब आहे आणि बाळाला काय द्यावं, या विवंचनेत आहे.

१८९४ मध्ये रोझेटी वारल्या. या कवितेला पुढे लागलेल्या दोन्ही चाली त्यांच्या कानी पडल्याच नाहीत. पहिली १९०६ साली 'इंग्लिश हिम्नल' या स्तोत्रसंग्रहात आली, ती गुस्ताव होल्स्ट यांची. संस्कृत शिकून ऋग्वेदातल्या सूक्तांना संगीत देणारे, सावित्रीच्या कथेवर ऑपेरा रचणारे होल्स्ट ते हेच. चाल साधी, चर्चमध्ये जमलेल्या कुणालाही उचलता येईल अशी. खरी गंमत पुढेच आहे. रोझेटींच्या ओळी अक्षरं मोजून बेतलेल्या नाहीत. पहिल्या कडव्यात एका सुरावर एक अक्षर बसतं, तर दुसऱ्या कडव्यात त्याच जागी दोन-तीन अक्षरं दाटीवाटीने घुसतात. नवखा गाणारा तिथे हमखास अडखळतो.

त्यानंतर काही वर्षांतच हॅरल्ड डार्क या तरुण ऑर्गनवादकाने दुसरी चाल बांधली. ती सगळ्यांनी मिळून गायची नाही, तयारीच्या गायकवृंदाची आहे. सुरुवातीला एकच उंच, कोवळा आवाज, मग सगळा वृंद, मधेच पुन्हा एकट्या पुरुषाचा आवाज. आणि कडव्यागणिक ऑर्गनची साथ बदलत जाते. २००८ साली 'बीबीसी म्युझिक मॅगझीन'ने गायकवृंदांच्या संचालकांचा कौल घेतला, तेव्हा सर्वोत्तम कॅरोलचा, म्हणजे नाताळगीताचा, मान डार्कच्या चालीला मिळाला.

निव्वळ ऐकायला बसलो, तर मीही डार्कलाच कौल देईन. पण त्यांनी एक कडवं गाळलं आहे, देवदूतांचं. आकाशात देवदूतांची दाटी झालेली असताना आई मात्र बाळाचा पापा घेते, एवढंच त्यात आहे. इतक्या सुरेख चालीतून नेमकं तेच का वगळावं? त्या एका कडव्यासाठी मी होल्स्टची चाल लावतो.