सील बदलण्याआधी



पावसाळा सरत आला की कोल्हापुरातल्या जुन्या जीपवाल्यांची एक तक्रार हमखास कानावर येते. गाडी रात्रभर एका जागी उभी असते आणि सकाळी बघावं तर मागच्या दोन चाकांच्या मधोमध फरशीवर काळपट डाग. मालक बोनेट उघडून इंजिनाचं ऑइल मापतो, तर ते जागच्या जागी. अशा वेळी डागाला बोट लावून वास घ्यावा. गंधकाचा उग्र, नाकात बसणारा वास आला तर ते डिफरन्शियलचं ऑइल, आपण नव्वद नंबरचं म्हणतो ते. बहुतेक वेळा ते पिनियनच्या सीलमधून येतं. तिथं पुढून येणारा प्रॉपेलर शाफ्ट मागच्या हाऊसिंगला जोडलेला असतो.

सील स्वस्त असतं. मिस्त्री थोड्या वेळात नवं ठोकून देतो, आणि पुष्कळदा महिना-दोन महिन्यांत डाग पुन्हा हजर होतो. मग 'सील डुप्लिकेट निघालं' म्हणून दुकानदाराच्या नावानं बोटं मोडायची. माझं म्हणणं असं, की अशा वेळी सील बिचारं निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. ते गळतं, कारण दुसऱ्या कुणीतरी त्याला गळायला लावलेलं असतं. हे काम घरी करता येतं, पण निम्मं काम पाना हातात घेण्याआधीचं आहे.

डिफरन्शियल करतं काय, ते आधी थोडक्यात. दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला गाडीनं एक पूर्ण वळसा घातला, तर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे आठ मीटर जास्त चालतं. दोन चाकांत एक मीटर तीस सेंटिमीटर अंतर धरून हा हिशेब आहे, आणि वळसा लहान असो की मोठा, तो बदलत नाही. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवली असती तर प्रत्येक वळणावर एक टायर घासत गेला असता. हा फरक सांभाळणारी दातेरी चक्रं त्या गोल हाऊसिंगच्या पोटात असतात. त्यात पिनियन हे शाफ्टकडचं लहान चक्र क्राऊन या मोठ्या चक्राला मध्यावर न भिडवता थोडं खाली भिडवायची पद्धत अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं 1926 च्या सुमारास मोटारीत आणली. त्यामुळं गाडीचा तळ खाली घेता आला, पण दात एकमेकांवर सरकत फिरू लागले. साधं ऑइल तिथला दाब सोसत नाही, म्हणून गंधकयुक्त ऑइल, आणि म्हणून तो वास. इंजिनाचं उरलेलं ऑइल तिथं ओतायची काटकसर करू नका.

आता गळायचं कारण. गाडी चालली की हाऊसिंग तापतं आणि आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वर एक लहानशी टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गगनबावड्याच्या रस्त्यानं पावसात प्रवासी भरून धावणाऱ्या वडापच्या जीपखाली वाकून पाहा. ब्रीदरवर चिखल थापलेला असतो, तो वाळून दगड झालेला असतो, आणि टोपी फिरतसुद्धा नाही. मग हवा वाट काढणार ती सीलच्या ओठातून, आणि जाताना ऑइल बरोबर नेणार. असल्या गाडीला कितीही सीलं घाला, गळती थांबायची नाही. टोपी काढून डिझेलमध्ये धुतली, तोंडानं फुंकून आरपार हवा जाते का पाहिलं, की झालं. एवढ्यावर गळती थांबलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

पुराचं प्रकरण याच्या उलट असतं. 2019 आणि 2021 साली पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं होतं, ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. पुरात गाडी घालणाऱ्यांना मी काही सांगणार नाही, ते ऐकत नाहीत. पण धावून तापलेलं हाऊसिंग एकदम गार पाण्यात बुडालं, की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर समजा, पाणी शिरलंय. तेव्हा नुसतं सील नव्हे, सगळं ऑइल बदला. आणि काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. आपली गटारं जयंती नाल्याला मिळतात आणि नाला पंचगंगेला.

सीलबद्दल एक गोष्ट कोल्हापूरकरांना आवडेल. जर्मनीत वाइनहाइम गावी फ्रॉइडेनबर्ग नावाची, 1849 साली सुरू झालेली, कातडं कमावणारी पेढी होती. मंदीनं चामड्याचा धंदा बसला, तेव्हा 1929 मध्ये त्यांनी मोटारींसाठी चामड्याची सीलं करायला घेतली. तेलाला दाद न देणारं कृत्रिम रबर 1936 च्या सुमारास आलं आणि कातडं मागं पडलं. आजही ही कंपनी सीलं बनवते. चपलांसाठी कातडं कमावणाऱ्या गावाला हा धंदा सुचला नाही, याची मला थोडी रुखरुख वाटते.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना अडण, मागं घोड्यांचा आधार. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही, यावर चर्चा नको. शाफ्ट सोडण्यापूर्वी त्याच्यावर आणि तो ज्याला जोडलेला असतो त्या पिनियनच्या फ्लँजवर खूण करा, म्हणजे तो पुन्हा तसाच बसेल. मग फ्लँज दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. खटखट हलला तर बेअरिंग गेलेलं आहे. पिनियनच डुगडुगत असेल तर सीलचा ओठ त्याला किती पुरणार? ते काम वेगळं, ते घरी नको.

फ्लँज घट्ट असेल तर सर्वांत नाजूक भाग येतो. पिनियनच्या टोकाचा मोठा नट किती आवळला आहे, यावर आतली दोन्ही बेअरिंगं किती दाबून बसतील ते ठरतं. जुन्या जीपमध्ये हा दाब पातळ शिम घालून ठरवलेला असतो, तिथं नट गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जोरानं आवळला की भागतं. पण नंतरच्या बऱ्याच गाड्यांत दोन बेअरिंगांमध्ये दबणारा स्लीव्ह असतो. नट जितका आवळाल तितका तो चेपत जातो आणि पुन्हा फुगत नाही. इथं 'जोर लावून आवळला' हा हिशेब चालत नाही.

त्यासाठी शाळेत विज्ञानाला वापरायचो तो ताणकाटा आणा. मागची चाकं आणि ड्रम काढून ठेवा, म्हणजे ब्रेकची ओढ मोजमापात येणार नाही. फ्लँजभोवती दोरा गुंडाळून काट्यानं सावकाश ओढा आणि फ्लँज फिरत असताना काटा किती दाखवतो ते खडूनं भिंतीवर लिहा. नट आणि पिनियन यांवर एक सरळ रेघ मारा. मग नट काढा, फ्लँज ओढून घ्या, जुनं सील उचकटा, पण आतल्या बेअरिंगला पाना लागू देऊ नका. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावा. स्प्रिंगची बाजू ऑइलकडं, म्हणजे आत. योग्य मापाचा पाइप टेकवून चोहोबाजूंनी सारखं ठोका.

पण सील ठोकण्याआधी फ्लँज नीट पुसून, ओठ टेकतो तिथून नख फिरवा. नख अडलं तर तिथं चरा पडलाय. वर्षानुवर्षं रबर आणि धूळ मिळून लोखंडसुद्धा खातात. चरा बारीक असेल तर सील एक-दोन मिलिमीटर अलीकडं बसवा, ओठ कोऱ्या जागेवर टेकेल. खोल असेल तर फ्लँज घेऊन उद्यमनगर गाठा. तिथं लेथवर जागा साफ करून वर पातळ कडं चढवून देतात. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं या गावाला लेथची सवय लावली, तिचा फायदा आपण अजून घेतो आहोत.

मग फ्लँज परत घाला आणि नट रेघेला रेघ जुळेपर्यंत आवळा. पुन्हा दोरा, पुन्हा ताणकाटा. भिंतीवरच्या आकड्यापेक्षा किंचित जास्त आला तर उत्तम, नवं सील थोडं ओढणारच. कमी आला तर नट केसभर आणखी, आणि परत मोजा. घाई करणाऱ्यानं हे काम घेऊ नये.

हल्लीच्या बहुतेक मोटारींत इंजिन चाकं ओढतं ती पुढची. त्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच असतं आणि गळती पुढच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टच्या मुळाशी दिसते. तिथं हा नट नाही, ताणकाट्याची गरजही नाही. जीपसारख्या गाडीत मात्र ऑइल मधोमध न दिसता मागच्या एखाद्या चाकाच्या आतून ओघळत असेल, तर गाडी त्याच क्षणी उभी करा. ते ब्रेकच्या लायनरवर जातं, आणि करूळचा घाट उतरताना ते कळणं फार महागात पडतं.

काम झालं, ऑइल भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत भरलं, की जोतिबाला जाऊन या. चढ आहे, वळणं आहेत, हाऊसिंग चांगलं तापतं. खाली उतरल्यावर पिनियनजवळ हात ठेवून बघा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर नट जास्त आवळला गेलाय, आणि आता तो सैल करून उपयोग नाही. स्लीव्ह नवाच घालावा लागेल, त्यासाठी मात्र गाडी उद्यमनगरात न्या.