वस्त्रप्रदर्शन : एका संध्याकाळची शोभा आणि तिचा जमाखर्च
(व्याख्यानाचा संकलित पाठ)



‘फॅशन शो’ हा शब्द कानी पडताच ज्येष्ठांच्या कपाळावर आठी उमटते आणि तरुणांच्या डोळ्यांत चमक येते. या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या माहितीवर आधारलेल्या आहेत. साडीच्या दुकानात गादीवर बसलेला विक्रेता गिऱ्हाइकासमोर घडी उलगडतो, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून काठ दाखवतो आणि ‘अंगावर कसे दिसेल पाहा’ असे म्हणतो. फॅशन शो म्हणजे याच साध्या कृतीचा विस्तार होय. घडीतले वस्त्र आणि अंगावरचे वस्त्र यांत जे अंतर असते, ते पाहणाऱ्यासाठी दूर करणे एवढाच त्याचा मूळ हेतू आहे.

या कल्पनेचा उगम व्यापारातच झाला. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या इंग्रज कारागिराने १८५८ मध्ये पॅरिस येथे आपली पेढी स्थापन केली आणि लाकडी पुतळ्यांऐवजी जिवंत व्यक्तींच्या अंगावर पोशाख दाखवण्याची प्रथा रुजवली. त्याची पत्नी मारी हीच त्याचे पोशाख परिधान करून दाखवीत असे. महाराष्ट्राला मात्र या विषयाची एक निराळी आणि अधिक तेजस्वी परंपरा आहे. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेमहाराजे जरीच्या पोशाखांत मिरवत असताना सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, स्वतः कातलेल्या सुताच्या शुभ्र खादीत तेथे उपस्थित राहिले. तेथे व्यासपीठ नव्हते, वाद्ये नव्हती. परंतु वस्त्रातून विचार मांडण्याचे याहून प्रभावी उदाहरण क्वचितच सापडेल.

पुढे १९८९ मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने मुंबईत खादीचा पहिला फॅशन शो भरवला. देविका भोजवानी यांनी तयार केलेले ऐंशीहून अधिक पोशाख त्यात सादर झाले आणि जाडेभरडे समजले जाणारे कापड तरुण पिढीपुढे नव्या रूपात आले. ऑगस्ट २००० मध्ये दिल्लीत पहिला ‘इंडिया फॅशन वीक’ झाला. २००६ पासून ‘लॅक्मे फॅशन वीक’ मुंबईत स्वतंत्रपणे भरू लागला. ३० मार्च २०२३ रोजी डिऑर या फ्रेंच पेढीने गेटवे ऑफ इंडियासमोर आपले वस्त्रप्रदर्शन मांडले, तेव्हा प्रवेशद्वारावर मुंबईच्या चाणक्य संस्थेतील कारागिरांच्या हातचे भव्य तोरण झळकत होते. ज्या हातांनी काम केले त्यांची कला दारातच मांडावी, हा त्यातील घेण्याजोगा धडा आहे.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. पनवेल तालुक्यातीलच खारघर येथे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे मुंबई केंद्र आहे. मूळ संस्था १९८६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. मुंबई केंद्र १९९५ मध्ये अस्तित्वात आले. अभ्यासक्रमाच्या अखेरीस तेथील विद्यार्थी आपले पोशाख रंगमंचावर मांडतात. पोशाख बनवणे आणि तो योग्य रीतीने लोकांपुढे आणणे, या दोन्ही गोष्टी त्या शिक्षणाचा भाग मानल्या जातात. सुकापूरपासून काही कोसांवर हे ज्ञान उपलब्ध असताना ते परके समजण्याचे कारण काय?

माथेरान रस्त्यालगतचे सुकापूर आज निवासी संकुलांनी गजबजलेले आहे. अशा वसाहतीत घरोघरी शिलाईयंत्र चालवणाऱ्या भगिनी असतात, भरतकाम करणाऱ्या मुली असतात, छोटी दुकाने असतात. त्यांच्या कामाला बाजार हवा असतो. त्यांच्यासाठी एखादे वस्त्रप्रदर्शन भरवायचे ठरले, तर ते कसे भरवावे, याचा विचार येथे क्रमाने मांडला आहे.

प्रथम हेतू, मग दिवस

आयोजकांनी पहिल्या बैठकीत एकच वाक्य लिहून काढावे : हा कार्यक्रम कोणासाठी आहे? विक्री वाढवण्यासाठी, निधी उभारण्यासाठी, की कारागिराचे नाव लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी? तिन्ही हेतू एकाच संध्याकाळी साधण्याचा मोह झाला, की एकही धड साधत नाही. हेतू ठरला की प्रेक्षक ठरतो, प्रेक्षक ठरला की तिकिटाचा दर ठरतो आणि त्यावरून खर्चाची मर्यादा ठरते. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. आधी झगमगाट ठरतो आणि मग त्याचा खर्च भागवण्यासाठी धावपळ सुरू होते.

दिवस निवडताना ऋतू पाहावा. ७ ऑगस्ट हा २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिन म्हणून साजरा होतो. १९०५ मध्ये याच दिवशी कलकत्त्यात स्वदेशी चळवळीची घोषणा झाली होती. दिवस औचित्यपूर्ण आहे, परंतु पनवेल परिसरात त्या सुमारास मुसळधार पाऊस असतो. तो दिवस घेतलाच, तर बंदिस्त सभागृह, कपड्यांना प्लास्टिकची आवरणे आणि ओलावा न येणारी खोली यांची तजवीज आधी करावी. दिवाळीपूर्वीचे दिवस किंवा लग्नसराईचा आरंभ हा विक्रीच्या दृष्टीने अधिक सोयीचा होय. तयारीला किमान तीन महिने द्यावेत : पहिला महिना निधी आणि जागा, दुसरा पोशाखांची निवड आणि मापे, तिसरा तालीम आणि प्रसिद्धी.

जांगड मालाची जबाबदारी

आता सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. प्रदर्शनातील बहुतेक वस्त्रे आयोजकांच्या मालकीची नसतात. ती विणकराकडून, दुकानदाराकडून किंवा शिवणाऱ्या भगिनीकडून जांगड आणलेली असतात. आणणाऱ्याच्या मनात असते, ‘एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे.’ देणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती त्याची पुंजी असते. चांगली पैठणी हातमागावरून उतरायला नक्षीनुसार काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. तिच्या काठाला चेहऱ्यावरील रंगाचा एक डाग लागला, पदरात टाचेचे टोक अडकून धागा ओढला गेला, तर ती नवी म्हणून विकता येत नाही. टाळ्या वाजवून प्रेक्षक घरी जातात. तोटा मात्र मागावर बसलेल्या माणसाच्या पदरात पडतो.

याला उपाय कागदाचा आहे. प्रत्येक नगाला क्रमांक द्यावा. जांगड पावतीवर त्याचे वर्णन, किंमत, आधीचा काही दोष असल्यास त्याची नोंद आणि परत करण्याची तारीख लिहून दोघांनी सह्या कराव्यात. नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार, हे त्याच कागदावर स्पष्ट असावे. वस्त्र घालताना चेहऱ्यावर पातळ ओढणी टाकावी, म्हणजे रंग लागत नाही. कार्यक्रम संपताच पावतीबरहुकूम माल मोजून घ्यावा. ‘उद्या पाहू’ म्हणून गाठोडी बांधू नयेत. भारतात २०१९-२० च्या गणनेनुसार सुमारे ३५ लाख हातमाग विणकर आणि पूरक कामगार आहेत आणि विणकरांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. त्यांच्यापैकी एखादीची साडी सभागृहात येते, तेव्हा तिचा विश्वासही सोबत येतो.

वेळेचे गणित

कार्यक्रम लांबला की रंगतो, हा गैरसमज आहे. वस्त्रांचे प्रत्यक्ष सादरीकरण वीस मिनिटांच्या आसपास संपावे. समजा, परिधान करणारे बारा जण आहेत आणि प्रत्येकाचे तीन पोशाख, म्हणजे एकूण छत्तीस पोशाख आहेत. दर तीस सेकंदांनी एक जण मंचावर आला, तर बारा जणांची फेरी सहा मिनिटांत आणि तिन्ही फेऱ्या अठरा मिनिटांत पूर्ण होतात. एका व्यक्तीचे मंचावरील चालणे एक मिनिट धरले, तर पोशाख बदलण्यास तिला पाचच मिनिटे मिळतात.

या पाच मिनिटांतच कार्यक्रमाचे यशापयश दडलेले असते. सलवार-कुर्ता पाच मिनिटांत बदलता येतो, नऊवारी नाही. सव्वाआठ मीटरची ती साडी नीट नेसवायला याहून अधिक वेळ लागतो. म्हणून नऊवारी नेसणाऱ्या पहिल्या फेरीत याव्यात किंवा त्यांना दुसरा पोशाखच देऊ नये. प्रत्येक व्यक्तीमागे एक मदतनीस, एक टांगणी आणि तिच्यावर क्रमाने लावलेले पोशाख असावेत. दागिने आणि पादत्राणे त्या त्या पोशाखाच्या पिशवीत ठेवावीत. सुई-दोरा, टाचण्या, इस्त्री आणि एक अनुभवी शिंपी पडद्यामागे असलाच पाहिजे. क्रमाचा कागद तीन ठिकाणी लावावा : पोशाखघरात, मंचाच्या प्रवेशाशी आणि ध्वनिव्यवस्थेपाशी. किमान एक तालीम पूर्ण पोशाखात आणि प्रत्यक्ष पादत्राणांसह घ्यावी. घरच्या चपलांत केलेली तालीम ही तालीम नव्हे.

निवेदकाचे काम मोठे आहे. ‘आता येत आहे निळी साडी’ हे प्रेक्षकांना दिसतच असते. ती कोठे विणली, कोणी विणली, सूत कोणते, काठावरची नक्षी कशी उतरली, हे सांगावे. कारागीर सभागृहात असेल तर त्याला अखेरीस मंचावर बोलवावे. पाहुण्यांच्या सत्काराइतकाच तो सत्कार महत्त्वाचा मानावा.

मर्यादा आणि सुरक्षितता

पोशाख परिधान करणाऱ्या व्यक्ती या पुतळे नव्हेत. कोणता पोशाख घालायचा, हे त्यांना आधी दाखवून त्यांची संमती घ्यावी. स्त्री-पुरुषांची पोशाखघरे स्वतंत्र असावीत, त्यांच्या दाराशी जबाबदार व्यक्ती असावी आणि आत छायाचित्रणास पूर्ण बंदी असावी. आज प्रत्येकाच्या हातात मोबाईल असताना हा नियम तोंडी सांगून भागत नाही. तो दारावर लिहावा आणि पाळून घ्यावा. उंची, वर्ण, वय यांचे साचे सोडून द्यावेत. सुकापूरच्या कार्यक्रमात पन्नाशीच्या गृहिणीने साडी नेसून चालावे, कारण ती साडी विकत घेणारीही पन्नाशीचीच असणार.

सुरक्षिततेबाबत तडजोड नसावी. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहातील आगीत ५९ जणांचा मृत्यू झाला. बाहेर पडण्याच्या वाटा अडवलेल्या होत्या, हे त्या दुर्घटनेचे एक प्रमुख कारण होते. कापड, पडदे, प्रखर दिवे आणि तात्पुरत्या वीजतारा एकत्र येतात तेथे धोका दुप्पट असतो. दोन्ही बाजूंचे दरवाजे उघडे ठेवावेत, वाटेत जादा खुर्च्या मांडू नयेत, अग्निशामक नळकांडी हाताशी असावीत. मंचाच्या कडेला पांढरी पट्टी चिकटवावी. दिव्यांच्या झोतात कड दिसत नाही आणि पाऊल चुकते. कार्यक्रम मैदानावर असेल, तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही, हे लक्षात घेऊन वेळ ठरवावी. ध्वनिमुद्रित संगीत वाजवायचे असल्यास त्याचा परवाना आधीच घ्यावा.

खरा ताळेबंद

शेवटी हिशेब. समजा, तिकिटे आणि प्रायोजक यांतून दीड लाख रुपये जमा झाले आणि सभागृह, दिवे, ध्वनी, छपाई, अल्पोपाहार यांवर एक लाख पस्तीस हजार खर्च झाले. रोजमेळात पंधरा हजार शिल्लक दिसतात आणि अभिनंदनाचा ठराव मंजूर होतो. परंतु बारा हजारांची एक साडी डागाळून परत गेली असेल आणि शिवणाऱ्या भगिनींची सहा हजारांची मजुरी ‘नंतर देऊ’ म्हणून राहिली असेल, तर ती शिल्लक नव्हे, तीन हजारांची तूट आहे. फरक इतकाच, की ती तूट संस्थेच्या वहीत न पडता गरिबाच्या घरात पडलेली असते. वाणिज्यशास्त्र सांगते, की येणे-देणे न नोंदवलेला जमाखर्च हा जमाखर्चच नव्हे.

म्हणून अंदाजपत्रकात पहिली रक्कम कारागिरांच्या देण्याची लिहावी, दिव्यांची नव्हे. एकूण खर्चाचा दहावा हिस्सा अनपेक्षित अडचणींसाठी राखून ठेवावा. कार्यक्रमानंतर आठ दिवसांत सर्व देणी चुकती करून हिशेब सूचनाफलकावर लावावा. महिन्याभराने पुन्हा चौकशी करावी : किती साड्या विकल्या गेल्या, किती भगिनींना नवे काम मिळाले? टाळ्यांची नोंद कोणी ठेवत नाही. या उत्तरांची मात्र ठेवता येते.

दरबारातील जरी त्या दिवशी डोळे दिपवून गेली असेल, पण दीडशे वर्षांनंतरही स्मरणात राहिले ते सार्वजनिक काकांचे हाताने कातलेले सूत. सुकापूरमध्ये उद्या एखादे वस्त्रप्रदर्शन भरले, तर त्याचे यश मंचावरील प्रकाशावरून मोजले जाऊ नये. ज्या भगिनीने रात्री जागून पोशाख शिवला, तिने पुढच्या वर्षी ‘माझा पोशाख पुन्हा घ्या’ असे स्वतःहून येऊन सांगितले, तर तो कार्यक्रम यशस्वी झाला असे खुशाल समजावे.