आधी घरात, मग गावाबाहेर



7 मे 2025 रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव ठरला, तेव्हा महाराष्ट्रातल्या ठिकाणांत उरण, तारापूर यांच्या जोडीने आपल्या पिंपरी-चिंचवडचेही नाव होते. भोंगा वरखाली सुरात वाजला की धोका, एकाच सुरात लांब वाजला की धोका टळला, एवढे पुष्कळांना ठाऊक आहे. पण अणुबाँब पडलाच तर काय करायचे? थेरगावात कोणालाही विचारा, गाडी काढून गावाकडे निघायचे, असेच म्हणेल. नेमके तेच करू नका.

बाँब जमिनीलगत फुटला की माती ढगात वर जाते आणि वाऱ्याबरोबर लांबवर किरणोत्सारी धूळ होऊन पडते. तिचा जोर मात्र झपाट्याने उतरतो. स्फोटानंतर तासाभराने जेवढा असेल, त्याचा सात तासांनी दहावा हिस्सा उरतो आणि दोन दिवसांनी शंभरावा. म्हणजे जोर सर्वात जास्त असताना तुम्ही डांगे चौकात गाड्यांच्या रांगेत अडकून बसणार! गाडीचा पत्रा हे किरण फारसे अडवीत नाही. जाड भिंत अडवते. म्हणून दगडाविटांच्या घराची मधली खोली गाठा, इमारत असेल तर तळघर किंवा मधला मजला. पत्र्याची शेड कामाची नाही. निदान एक दिवस आत राहा आणि रेडिओवर सूचना येईपर्यंत निघू नका. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दाराबाहेरच काढावेत आणि साबणाने अंग धुवावे.

आता गोठ्याचे. धूळ यायला अवधी असेल तर जनावरे आत बांधा, दोन दिवसांची वैरण-पाणी पुढ्यात ठेवा, कडब्याच्या गंजीवर ताडपत्री ओढा, विहीर झाका. धूळ पडू लागल्यावर मात्र म्हशीसाठी बाहेर जायचे नाही. हे ऐकायला कठोर वाटेल, पण घरच्या पोरांना तुम्ही हवे आहात.

दुधाला जपा. धूळ पडलेला चारा खाल्लेल्या जनावराच्या दुधात किरणोत्सारी आयोडीन उतरते. 1986 साली चेर्नोबिलच्या अणुभट्टीला अपघात झाला, तेव्हा असे दूध प्यालेल्या कित्येक मुलांना पुढे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. हे आयोडीन आठ दिवसांत निम्मे होते. मुलांना आधी भरून ठेवलेली दूध पावडर द्या. उघड्यावरची पालेभाजी काढू नका.

अणुभट्टीच्या अपघाताचा हिशेब वेगळा. ती धूळ इतक्या लवकर निवळत नाही, म्हणून तिथे हुकूम येताच गाव सोडायचे. तारापूरचे केंद्र थेरगावापासून दीडशे किलोमीटरच्या पलीकडे आहे, तेव्हा ही पाळी आधी तिकडच्या गावांवर येईल.

निघायचा हुकूम आलाच तर म्हाताऱ्या माणसांना कोणाच्या गाडीत बसवायचे, हे आळीतल्या चार घरांनी आजच बोलून ठेवावे. रेडिओचे सेल मात्र दर सहा महिन्यांनी बदला. वीज गेली की मोबाइलचा भरवसा नाही.