गच्चीवरच्या सळया

उद्या सकाळी फिरायला निघाल तेव्हा एकदा मान वर करून पाहा. अमरावती असो की अकोला, माणसं राहायला येऊन वर्षं झालेल्या काही अपार्टमेंटच्या गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच उभ्या दिसतील. गंजू नये म्हणून कुणी त्यांना पातळ सिमेंट फासलेलं असतं. खाली राहणाऱ्याला वाटतं, काम जरासं अपुरं राहिलं. त्या सळया पुष्कळदा पुढच्या मजल्यासाठी ठेवलेल्या असतात, आणि त्या मजल्याविषयी फ्लॅट घेताना त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं.

माझ्या बहिणीच्या अकोल्यातल्या इमारतीत सोळा फ्लॅट. सगळे सारखे, म्हणजे जमिनीत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा सव्वासहा टक्के. काही वर्षांनी एके दिवशी खाली विटा येऊन पडल्या. वर चार फ्लॅट चढणार होते. विचारायला गेल्यावर बिल्डरने साठेखताचं एकोणिसावं पान उघडून दाखवलं. आज आणि पुढे मिळणारा सगळा एफएसआय (जागेवर किती बांधता येतं ते प्रमाण) आणि टीडीआर (दुसरीकडून आणलेला बांधकामाचा हक्क) विकासकाचा, आणि लागेल ती संमती खरेदीदाराने याच कराराने दिलेली आहे, असा त्याचा अर्थ. खाली बहिणीची सही होती. सोळाचे वीस झाले की हिस्सा पाच टक्क्यांवर येतो. पार्किंग तेवढंच, टाकी तेवढीच. काटेपूर्णाचं पाणी रोज नळाला येत नाही, त्या अकोल्यात चार कुटुंबं वाढणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

अशी आंधळी सही कायद्याला पुरते का? माझं उत्तर स्पष्ट आहे : पुरत नाही. महाराष्ट्राचा मालकी हक्क सदनिका कायदा 1963चा. मंजूर नकाशे आणि जमिनीची माहिती घेणाऱ्यापुढे ठेवायची, हे तो तेव्हापासून सांगतो. 1986 साली त्यात दुरुस्ती झाली. मंजूर आराखड्यात दाखवलेली जादा इमारत बांधायला फ्लॅटधारकांची संमती लागणार नाही, अशी वाट तिने करून दिली. ती वाट किती रुंद, हा प्रश्न मुंबईच्या मधुविहार सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. 2007च्या निकालाने सांगितलं की संपूर्ण योजना आधी उघड केली पाहिजे. प्रकरण परत आल्यावर 2010मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने करारात घेतलेली सरसकट संमती ही संमतीच नव्हे, असं ठरवलं. काय बांधणार हे माहीत असलेल्या माणसाचीच संमती ग्राह्य. एकोणिसाव्या पानाचं उत्तर त्या निकालात आहे.

आपल्याकडे 1970च्या अपार्टमेंट कायद्याखाली घोषणापत्र करण्याची रीत आहे. त्यात लिहिलेला हिस्सा कायम स्वरूपाचा असतो. सगळ्या अपार्टमेंटधारकांच्या संमतीने दुरुस्त घोषणापत्र झाल्याशिवाय तो बदलत नाही. इतकं भक्कम संरक्षण हाताशी असताना घोषणापत्राची प्रत किती घरांत आहे?

हे आजच बोलण्याचं कारण, 2 डिसेंबर 2020च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने आपल्या दोन्ही शहरांचं गणित बदललं. रस्त्याची रुंदी पाहून, अधिमूल्य भरून किंवा टीडीआर आणून मूळ एफएसआयच्या वर बांधता येतं. म्हणजे पूर्वी जिथे इंचभर बांधकाम शिल्लक नव्हतं, तिथेही हक्क उगवले. ते कोणाचे? जमीन फ्लॅटधारकांच्या नावे झाली असेल तर त्यांचे. जिथे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन नावावर होणं, रखडलं, तिथे विकासक हात पुढे करतो. सोसायटी असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून होणाऱ्या, अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. बहिणीच्या इमारतीतल्या लोकांना माझा पहिला सल्ला होता : भांडण नंतर, आधी कागद नावावर करा.

रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू आहे. मंजूर नकाशात फेरबदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची आधी लेखी संमती लागते, आणि एकाच्या नावावर दहा फ्लॅट असले तरी तो एकच धरायचा. महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर मंजूर बांधकाम वेगळं आणि प्रस्तावित पण अजून मंजूर न झालेलं वेगळं दिसतं. हा दुसरा आकडा लोक पाहत नाहीत. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील, तर नोंदणीच लागत नाही. आपल्याकडे लेआउटमधल्या एकेका प्लॉटवर आठ फ्लॅट उभे राहतात. तिथे ते पान नसतं. तिथे 1963चा कायदाच आधाराला, आणि आपण विचारलेला प्रश्न. छोट्या योजनांनाही प्रस्तावित बांधकामाचा आकडा उघड करायला लावणारी तरतूद शासनाने करावी, ही माझी मागणी आहे.

वावर घेताना वऱ्हाडातला माणूस सातबारा पाहतो, फेरफार काढतो, धुऱ्यावरून चालत जातो, शेजाऱ्याला विचारतो. मग इसार देतो. फ्लॅटला तोच माणूस नमुना फ्लॅटची फरशी पाहून इसार देतो. यापुढे तसं करू नका. किती एफएसआय वापरला, किती शिल्लक आहे, पुढे काय आणि कुठे बांधणार, हे बिल्डरकडून आकड्यांत, सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर इसार देऊ नका.